‘आपोआप’चा कर्ता कोण?

बरेच दिवस इकडे काही लिहिले नव्हते. दिवाळी झाली, घरातली दोन लग्ने झाली, आणि मधल्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्क्रीनसमोर बसायला बंदी केली होती. आज बसलो आहे तो रागाने बसलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

परवा पुतण्याचा फोन आला. पुण्यात नवीन फ्लॅट घेतला आहे, स्वयंपाकघराचे काम चालू आहे आणि भिंतीत बसवायचा ओव्हन पसंत करून झाला आहे. किंमत ऐकून मी गप्प बसलो. (तेवढ्या पैशांत मी भोरला जागा घेऊन दोन खोल्या उठवल्या होत्या!) गप्प बसण्याचा अर्थ त्याने ‘काकांना आवडलं’ असा घेतला आणि पुढे म्हणाला, “काका, सगळ्यात भारी म्हणजे तो आपोआप साफ होतो. रात्री बटण दाबायचं आणि झोपायचं. साफसफाईची भानगडच नाही.”

फोन ठेवला, पण तो ‘आपोआप’ काही डोक्यातून जाईना.

माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. आधी वेल्हे तालुक्यात आणि मग भोरला. (२०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मान्यता दिली, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) आठवी-नववीच्या मुलांना प्रयोग शिकवताना कर्ता ओळखायची एक युक्ती सांगत असे. क्रियापदातला धातू घ्या, त्याला ‘णारा’ लावा आणि विचारा, कोण? ‘राम आंबा खातो.’ खाणारा कोण? राम. झाला कर्ता. इतके सोपे आहे.

आता पुतण्याचे वाक्य घ्या. ‘ओव्हन आपोआप साफ होतो.’ होणारा कोण? ओव्हन. व्याकरणाचे पूर्ण गुण. पण ‘होतो’च्या जागी ‘करतो’ घालून पाहा. साफ करणारा कोण? आणि इथे सगळा वर्ग खाली मान घालून बसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की स्वयंपाकघरात ‘आपोआप’ असे काही नसते. जिथे जिथे ‘आपोआप’ म्हटले जाते तिथे तिथे एक कर्ता लपवलेला असतो. आणि तो बहुतेक वेळा कर्ती असतो.

आधी हे यंत्र काय करते ते नीट समजून घेऊ, म्हणजे मी न समजता टीका करतो असे कुणी म्हणायला नको. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकेत १९६३ साली असा ओव्हन प्रथम बाजारात आणला. कल्पना साधी आहे. आपण केक भाजतो साधारण १८० अंशांना. सफाईचे बटण दाबले की आतले तापमान ४८० अंशांच्या आसपास जाते आणि दोन ते चार तास तिथेच राहते. दार आपोआप (पुन्हा तोच शब्द!) कुलूपबंद होते आणि आत पुरेसे थंड झाल्याशिवाय उघडत नाही. आत सांडलेले तूप, चीज, साखर, सगळे जळून त्याची राख होते. आतल्या पत्र्यावर काचेसारखा मुलामा असतो, तो ही आच सहन करतो. हुशार माणसांनी केलेले हुशार काम आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्याच्याबरोबर येणारे माहितीपुस्तक वाचा. (पुस्तक आहे म्हणून वाचणारा मी घरात एकटाच, आणि मीसुद्धा ते उशिरा वाचले, ते पुढे येईलच.) आधी आतल्या जाळ्या काढून ठेवा, नाहीतर त्यांची चकाकी जाते आणि त्या नीट सरकत नाहीत. सांडलेले जाडसर पदार्थ आणि साठलेले तूप-तेल आधी पुसून घ्या, नाहीतर धूर होतो, क्वचित आत पेटही घेते. खिडक्या उघडा, पंखा लावा. पक्षी पाळले असतील तर दुसऱ्या खोलीत न्या. सगळे झाल्यावर राहिलेली राख ओल्या फडक्याने पुसा. जाळ्या वेगळ्या घासा. दाराच्या कडा हाताने पुसा, कारण तिथपर्यंत ती आच पोहोचत नाही.

काढणारा कोण? पुसणारा कोण? उघडणारा, लावणारा, नेणारा, घासणारा कोण? मोजा. एका ‘आपोआप’च्या पोटात सहा क्रियापदे निघाली!

हे शहाणपण मला कसे आले ते सांगतो. आमच्या नातेवाइकांना ही गोष्ट अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण लिहितो.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही दोघे न्यू जर्सीला मुलीकडे होतो. मुलगी आणि जावई कामावर, नात शाळेत. घरात आम्ही दोघेच. मला हुक्की आली की नातीसाठी आंब्याचा, रव्याचा केक करावा. डब्यातला आंब्याचा रस, रवा, साखर, दही. सौ. म्हणाली, “अहो, भांडं काठोकाठ भरू नका, फुगतं ते.” मी ऐकले नाही. ते फुगले, उतू गेले आणि साखर-आंब्याचा तो पाक ओव्हनच्या तळाशी जाऊन पडला, तिथेच करपला. मुलगी येण्याआधी निस्तरावे म्हणून पाहिले तर बटणावर ‘सेल्फ क्लीन’ असे लिहिलेले! म्हटले, वा! बी.ए. मराठी माध्यमातून केले असले तरी एवढे इंग्रजी येते. दाबले बटण. जाळ्या आत, पाक आत, थंडी म्हणून खिडक्या बंद.

वीस-पंचवीस मिनिटांत घरभर धूर झाला. छतावरचा भोंगा ओरडायला लागला. मी बटण पुन्हा दाबले, ओव्हन बंद झाला, पण दार काही उघडेना. (ते उघडले नाही हे बरे झाले हे आज कळते. हवा मिळाली असती तर आत जाळ झाला असता.) इकडे सौ.ला धाप लागली. तिला दम्याचा त्रास आहे. तिचा पंप वरच्या मजल्यावर, आणि माझे पाय जिन्यावर वळेनात. शेवटी तिला शाल गुंडाळून बाहेर बर्फात उभी केली, पंप आणून दिला. शेजारच्या बाईंनी पाहिले आणि तिला आत त्यांच्या घरी नेऊन बसवले. मुलगी अर्ध्या तासात धावत आली.

संध्याकाळी सगळे शांत झाल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, ते आधी पुसून घ्यायचं असतं.” मी म्हणालो, “आधी पुसायचंच असेल तर ते सेल्फ क्लीन कसलं?” मुलगी हसली, जावई हसले. सौ. हसली नाही. ती म्हणाली,

“वेल्ह्याला रोज असाच धूर असायचा. तिथे भोंगा नव्हता, एवढंच.”

मंडळी, गेल्या इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत नापास केलेले नाही.

वेल्ह्यात आम्ही १९७७ पासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. गॅस आला तो १९८९ साली. म्हणजे बारा वर्षे चूल. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तोरणा ढगात गेला की तीन तीन दिवस दिसत नसे. पडवीत रचलेली लाकडेसुद्धा दमट होत, आणि दमट लाकूड पेटते कमी, धुमसते जास्त. ती फुंकणीने फुंकत बसायची. मी पलीकडच्या खोलीत निबंध तपासत असे, आणि धूर फार झाला की दार लोटून घेत असे. दार लोटून घेत असे! हे वाक्य लिहिताना आज हात अडखळतो.

दूध उतू जायचे, भाताची पेज चुलीवर ओघळायची, आमटी सांडायची. पण सकाळी मी चहाला बसे तेव्हा चूल नवी असल्यासारखी स्वच्छ. राख काढलेली, शेणमातीचे पोतेरे फिरवलेले, वैलावर पाणी तापत ठेवलेले. त्या बारा वर्षांत चूल खराब असलेली मी एकदाही पाहिली नाही. याचा अर्थ काय? याचा अर्थ, आपोआप साफ होणारी चूल माझ्याकडे १९७७ सालापासून होती! पुतण्याला त्यासाठी एवढे पैसे मोजावे लागले, मला एका मंगलाष्टकात मिळाली.

तिचा दमा त्या चुलीतूनच आला असे डॉक्टरांनी कधी ठामपणे लिहून दिले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात स्वयंपाकाच्या धुरामुळे, घरातल्या हवेने, जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यांतली कितीजण दार लोटून घेणारी असतील?

आता मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, “सर, म्हणजे यंत्र वाईट आणि आपली चूल चांगली असंच ना?” मुळीच नाही. उलट या चुलीच्या कौतुकाचा मला त्याहून जास्त राग आहे. नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघा, ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या दिसतील. गड पाहायला आलेली मंडळी गाड्या थांबवतात, भाकरीला धुराचा वास आला की डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणतात, फोटो काढतात. फोटोत भाकरी असते, चूल असते, थापणारीचे हातही असतात. तिचा खोकला फोटोत येत नाही. आणि ग्राहक गेल्यावर त्या चुलीवर ओघळलेला रस्सा खरवडून काढणारी तर नाहीच नाही. ज्यांना चुलीची चव हवी आहे त्यांनी एकदा पावसाळ्यात तिला पोतेरेही द्यावे. मग बोलू.

दुसरे म्हणतील, “आमच्याकडे बाई आहे कामाला.” छान. म्हणजे कर्ता घरातून उचलून दुसऱ्या घरातला आणला, एवढाच फरक. तिला निदान कडक रसायन हातात देण्याआधी रबरी हातमोजे द्या. ओव्हन साफ करायच्या कित्येक फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो, तो कातडी जाळतो. आणि आपोआप साफ होणाऱ्या ओव्हनच्या आत तर तो मारूच नये, मुलामा खराब होतो आणि पुढच्या वेळी तापवताना त्याचीच वाफ नाकात जाते.

तिसरा गट व्हॉट्सॲपवरच्या शास्त्रज्ञांचा. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस आला की डाग गायब! फेस येतो हे खरे. पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, दोघांना एका वाटीत घातले की एकमेकांना मारून मोकळे होतात. उरते ते जवळजवळ खारट पाणी. आधी सोडा ओल्या लापशीसारखा करून डागावर रात्रभर ठेवावा, सकाळी पुसावा, आणि राहिलेला पांढरा थर काढायला व्हिनेगरचे फडके फिरवावे. एकापाठोपाठ एक, एकत्र नव्हे. आमची आई राखेने भांडी घासायची त्यात हेच शास्त्र होते. लाकडाच्या राखेत अल्कली असते, ते तुपातेलाला धरून त्याचा साबणासारखा चिकटा करते. तिने ते पुस्तकात वाचले नव्हते, पण राख आणि चिंच एकाच वेळी कालवलेली मी कधी पाहिली नाही.

चौथी तक्रार वेळेची. “आजकाल वेळ कुणाला आहे, काका?” हिशेब करा. सफाईचा फेरा दोन ते चार तास, थंड व्हायला आणखी तास-दीड तास, वर ती सहा क्रियापदे. आणि सांडल्या दिवशीच पुसले तर? पाच मिनिटे. भोरला उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रवा-मैदा-तूप-साखरेचे डबे घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचो. भट्टी लाकडाची. दोन घाण्यांच्या मधे तो भट्टीवाला लांब बांबूला बांधलेले ओले पोते आतून सर्रकन फिरवायचा, आणि मगच पुढचे पत्रे आत सरकवायचा. त्याला विचारले तर म्हणायचा, “आत्ता एक हात, नंतर दहा हात.” सगळी विद्या त्यात आली.

म्हणून पुतण्यासाठी, आणि ज्यांच्या घरी साधा टेबलावरचा छोटा ओव्हन आहे त्यांच्यासाठीही, स्वतः चुकून शिकलेल्या चार गोष्टी लिहितो.

भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. (सौ.चा नियम. मान्य करायला मला एक विमानप्रवास लागला.) उतू जाईल अशी शंका असेल तर खालच्या जाळीवर एक रिकामा पत्रा ठेवावा, सांडले तर त्यावर सांडेल. ओव्हनच्या तळाला चांदीसारखा कागद, म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल, पसरू नये, ती तळाला चिकटून बसते आणि उष्णतेची वाट अडते.

सांडलेच तर ओव्हन गरम असताना त्यावर मीठ भुरभुरावे. धूर कमी होतो आणि थंड झाल्यावर खपली सुटून येते. हात लावण्याइतका कोमट झाला की ओल्या फडक्याने पुसावे. साखर, आंबा, टोमॅटो, लिंबू असे गोड-आंबट सांडले असेल तर दुसऱ्या दिवसावर टाकूच नये, ते मुलाम्यावर कायमचा डाग पाडते. छोट्या ओव्हनचे बटण बंद करून पिन काढावी, खालचा चुऱ्याचा पत्रा ओढून धुवावा, पण तापणाऱ्या कांड्यांवर पाणी कधी ओतू नये. आणि आत जाळ दिसला तर दार उघडायचे नाही. बटण बंद, दार बंद, जाळाला हवाच मिळू द्यायची नाही.

आपोआप सफाई वापरूच नये असे मी म्हणत नाही. वर्षातून एक-दोनदा, फार चिकटले असेल तेव्हा वापरावी. पण दिवसा, जागेपणी, खिडक्या उघडून. आधी जाळ्या आणि पाक बाहेर काढून. घरात दमेकरी, म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर त्यांना बाहेर फिरायला पाठवून. सणाच्या आदल्या दिवशी तर नकोच, इतक्या आचेने कधी कधी आतला एखादा फ्यूज जातो आणि दिवाळीला ओव्हन बंद पडून राहतो. पुतण्याच्या मुलीने लव्ह बर्ड्स पाळले आहेत. टेफ्लॉनचा मुलामा असलेले भांडे किंवा भाग फार तापला तर त्या वाफेने असे पक्षी मरतात, माणसाला वासही कळायच्या आत. “रात्री बटण दाबायचं आणि झोपायचं” हे वाक्य त्या पोरीच्या पिंजऱ्याजवळ उभे राहून म्हणून बघ रे बाबा.

राग कशाचा आला होता ते आता लिहिता लिहिता मला नीट कळले. ओव्हनचा नव्हताच. पुतण्या म्हणाला, “साफसफाईची भानगडच नाही.” त्याने आजवर कुठला ओव्हन, कुठला ओटा, कुठली शेगडी पुसली होती की ती भानगड त्याला जड झाली? जी भानगड त्याने कधी केली नाही, ती संपल्याचा आनंद त्याला झाला! सूनबाईंना मी फोनवर विचारले, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “काका, जाळ्या धुवायला सिंक मोठं घ्या म्हणतेय मी, ते मात्र बजेटमध्ये बसत नाही म्हणतात.” बघा. वाक्यातला लपलेला कर्ता असा एका फोनवर सापडतो.

आमच्याकडे भोरला छोटा ओव्हन आहे. न्यू जर्सीहून परत आल्यापासून तो मी पुसतो. पहिले काही महिने सौ. मागून येऊन पुन्हा पुसायची. “कोपऱ्यात राहिलंय” म्हणायची. मी म्हणायचो, “राहू दे, उद्या काढतो.” ती म्हणायची, “उद्या तो दगड होतो.” आता मी कोपऱ्यापासूनच सुरुवात करतो. गेल्या रविवारी नानकटाई केली, तूप जरा जास्त झाले, पत्र्यावरून ओघळले. कोमट होईपर्यंत थांबलो, पुसले, चुऱ्याचा पत्रा धुऊन उन्हात ठेवला. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. काही बोलली नाही. याला आमच्याकडे प्रथम श्रेणी म्हणतात.

पुतण्याला माझे सांगणे एवढेच. ओव्हन घे. सिंकही मोठे घे. आणि घरी आलेल्या पाहुण्यांना ओव्हन दाखवताना ‘आपोआप साफ होतो’ म्हणू नकोस. ‘मी साफ करतो’ असे म्हण, आणि ते खरे असू दे. पुढच्या महिन्यात वास्तुशांतीला येणारच आहे. तेव्हा सगळ्यांसमोर विचारीन, साफ करणारा कोण?

असो. डोळे दुखायला लागले, थांबतो.